दुकानातील संगणकाचीही मोजदाद करा

सुरतेच्या बाजारातून निघालेला माल सोनगड, नवापूर ओलांडून धुळ्याच्या रस्त्याने विसरवाडीला उतरतो. वाटेत राज्याची हद्द येते, म्हणून पन्नास हजारांवरील मालाला ई-वे बिल लागते. १ एप्रिल २०१८ पासून हा नियम आहे. त्याआधी १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तेव्हापासून बिल, विवरणपत्र, बँकेचा व्यवहार, गिऱ्हाइकाची उधारी हे सर्व एका टेबलावरील एका संगणकात जाऊन बसले. आमच्यासारख्या खेड्यातील व्यापाऱ्यालाही त्यातून सुटका राहिलेली नाही.

दुकानात किती ताके आहेत, कोणता माल दोन ईद जुना झाला, कोणत्या साडीची घडी पिवळी पडू लागली, हे कोणत्याही कापडवाल्याला तोंडपाठ असते. रमजान जवळ आला की जकातीच्या हिशोबासाठी आम्ही माल मोजतो, चालू भाव लावतो, देणे वजा करतो. परंतु त्याच दुकानातील संगणकात कोणकोणती सॉफ्टवेअर बसविलेली आहेत, त्यांची आवृत्ती कोणती, कंपनीने नवी आवृत्ती काढून किती वर्षे झाली, असे विचारले तर बहुतेक दुकानदार दुरुस्तीवाल्या मुलाकडे बोट दाखवितात. तो मुलगा नंदुरबारहून येणार, येण्याजाण्याचे पैसे घेणार, आणि जे बंद पडले तेवढेच पाहून जाणार. जे चालू आहे पण जुने आहे, ते त्याला कोणी दाखवीत नाही आणि तो विचारीत नाही. वास्तविक ही मोजदाद अर्ध्या तासाची आहे, तिला एक पैसा लागत नाही, आणि ती दुकानदाराला स्वतः करता येते.

जुन्या आवृत्तीचे काय बिघडते?

कापड जुने झाले तर भाव उतरतो, एवढेच. सॉफ्टवेअरचे तसे नाही. त्यात एखादे भोक सापडले की कंपनी ते बुजवून नवी आवृत्ती काढते. त्याच वेळी भोक कोठे होते हे सर्व जगाला कळते, आणि चोरालाही कळते. म्हणजे ज्या दिवशी दुरुस्ती बाहेर येते, त्या दिवसापासून जुनी आवृत्ती ठेवणाऱ्याचे दार पूर्वीपेक्षा जास्त उघडे पडते. ही गोष्ट आमच्या पुष्कळ बांधवांच्या ध्यानात येत नाही. त्यांचे म्हणणे असते, पाच वर्षे चालले, आता काय होणार?

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा विषाणू दीडशेच्या आसपास देशांत पसरला. संगणकातील सर्व फाईलींना कुलूप लावून तो किल्लीसाठी खंडणी मागत होता. इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच फुकट देऊ केली होती. म्हणजे दोन महिने औषध दारात ठेवलेले होते, पण ज्यांनी ते घेतले नव्हते तेच आजारी पडले.

त्याच वर्षी अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. अपाची स्ट्रट्स नावाच्या एका घटकाची जुनी आवृत्ती तेथे चालू होती आणि तिची दुरुस्तीही मार्चमध्येच आलेली होती. दुरुस्त करा असा हुकूम कंपनीत आतल्या आत निघालाही होता. परंतु तो घटक नेमका कोणकोणत्या यंत्रावर बसविला आहे याची धड यादी नव्हती, आणि तपासणीत तो सापडला नाही. एवढी मोठी कंपनी, पण गोदामात काय पडले आहे हेच माहीत नाही! आम्हा कापडवाल्यांना यातील शहाणपण कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

हे सर्व परदेशातील मोठ्यांचे झाले. आता आमच्या रोजच्या वापरातील एक वस्तू पाहा. सुरतेचे घाऊक व्यापारी साड्यांचे व ड्रेस मटेरियलचे कॅटलॉग पाठवितात. पुष्कळ फोटो एकत्र असले की ते झिप किंवा रार अशा गाठोड्यात बांधून येतात, आणि ते गाठोडे सोडविण्यासाठी दुकानोदुकानी विनरार बसविलेले असते. २०२३ साली या विनरारमध्ये असे भोक सापडले की गाठोड्यातील चित्रावर क्लिक केले की चित्राच्या मागे लपविलेला विषारी प्रोग्राम चालू व्हायचा. त्याचा वापर चोरांनी आधी शेअर व आभासी चलनाचे सौदे करणाऱ्यांची खाती साफ करण्यासाठी केला. ऑगस्ट २०२३ मध्ये ६.२३ ही दुरुस्त आवृत्ती आली. पुढे २०२५ मध्ये दुसरे भोक सापडले, त्यासाठी जुलैअखेर ७.१३ काढावी लागली. मुख्य अडचण अशी की विनरार स्वतःहून नवे होत नाही. ज्याने २०१८ मध्ये ५.५० बसविले, त्याच्याकडे आजही ५.५०च असते, आणि ते उत्तम चालते, म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही.

काळी खिडकी

आता मोजदाद कशी करावी ते सांगतो. विंडोज १० (२०१८ अखेरनंतरच्या आवृत्त्या) आणि विंडोज ११ यांत विंगेट नावाचा कारकून असतो. मायक्रोसॉफ्टने त्याची पहिली पक्की आवृत्ती मे २०२१ मध्ये दिली. त्याला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या खिडकीत हुकूम लिहायचा आणि तो उत्तर लिहितो.

कीबोर्डवरील विंडोजचे बटण दाबून सी, एम, डी ही तीन अक्षरे टाईप करून एन्टर दाबा. काळी खिडकी उघडेल. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे, इंग्रजीने भरलेली काळी पाटी पाहिली की हात मागे घेतो. तशी गरज नाही. लागणारे इंग्रजी शब्द सगळे मिळून चार-पाच आहेत आणि यंत्र व्याकरण तपासत नाही. मात्र स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले तर ते ऐकत नाही. चुकले तर काही मोडत नाही, पुन्हा लिहायचे.

पहिला हुकूम विंगेट लिस्ट. डब्ल्यू, आय, एन, जी, ई, टी, मग मोकळी जागा, मग एल, आय, एस, टी. पहिल्यांदा चालविताना तो अटी मान्य आहेत काय असे विचारतो, तेथे वाय दाबावे. मग संगणकात जे जे बसविले आहे त्याची लांबलचक यादी येते. आपण कधी न ऐकलेली पंचवीस-तीस नावेही त्यात असतात. त्यांना पाहून घाबरू नये, त्यातील पुष्कळ विंडोजचीच घरातली माणसे आहेत. पण एखादे नाव आपण बसविलेले नाही आणि दुकानातील कोणीच बसविलेले नाही असे आढळले, तर त्याच्यापुढे खूण करून जाणकाराला विचारावे.

दुसरा हुकूम विंगेट अपग्रेड. या शब्दाने दचकू नये. नुसता एवढाच हुकूम दिला तर तो काहीही बदलत नाही, फक्त दाखवितो. ज्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलेली आहे तेवढ्यांचीच यादी तो छापतो. नाव, ओळखनाम, आपल्याकडील आवृत्ती, बाजारातील आवृत्ती, असे रकाने शेजारी शेजारी असतात. आपल्याकडे ५.५० आणि समोर ७ च्या पुढचा आकडा दिसला, की किती वर्षांचा माल पडून आहे ते एका नजरेत कळते.

विसरवाडीच्या बाजारातील एका बांधवाच्या यंत्रावर आम्ही हे दोन्ही हुकूम चालवून पाहिले. विनरार जुने निघाले, ब्राउझर एका आवृत्तीने मागे होता, दुरून संगणक चालविण्याचे एनीडेस्क फार जुने होते. हे एनीडेस्क आमच्याकडील पुष्कळ दुकानांत असते, कारण हिशोबनीस नंदुरबारला बसून त्यातूनच विवरणपत्र पाहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या कंपनीनेच जाहीर केले की तिच्या यंत्रणेत घुसखोरी झाली होती, आणि नव्या सहीशिक्क्याची आवृत्ती घ्या असे ग्राहकांना सांगितले. त्या बांधवाला अर्थातच याची खबर नव्हती. खबर त्याला कोण देणार?

रिकामा रकाना म्हणजे पास नव्हे

येथे थोडे थांबून नीट समजून घेतले पाहिजे, कारण अर्धवट माहितीची माणसे नेमकी येथेच फसतात. विंगेट अपग्रेडच्या यादीत एखाद्या सॉफ्टवेअरचे नाव आले नाही, याचा अर्थ ते ताजे आहे असा होत नाही. विंगेटकडे एक मोठी भांडारवही आहे. त्या वहीत ज्यांची नोंद आहे त्यांचाच भाव त्याला सांगता येतो. ज्याची नोंद नाही त्याच्याविषयी तो गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याला आपण पसंती समजतो.

म्हणून दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. पहिल्या यादीत आहेत, ज्यांच्यापुढे कोणत्या भांडारातून आले तो रकाना रिकामा आहे, आणि जी आपण रोज वापरतो, ती नावे वेगळी काढावीत. खरा धोका या तिसऱ्या यादीत असतो. हिशोबाचे पॅकेज, प्रिंटरचे सॉफ्टवेअर, एम्ब्रॉयडरी मशीनचे डिझाईन, लग्नपत्रिकेचे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर ही सारी मंडळी बहुधा येथेच सापडतात. त्यांची आवृत्ती त्यांच्याच मदत विभागात जाऊन पाहावी लागते आणि ती कंपनीच्या ताज्या आवृत्तीशी हाताने ताडावी लागते. यंत्र हे काम करून देत नाही.

अक्षरजुळणीचेच उदाहरण घेऊ. उर्दू छपाईला इनपेज माहीत नाही असा प्रेसवाला सापडणार नाही. १९९४ साली दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने ते काढले आणि कातिबाच्या बोटांतील नस्तालिक संगणकावर आले. दावतनामे, मदरशांची पत्रके, उर्दू वर्तमानपत्रे यांचा त्यामुळे मोठा फायदा झाला. हे सॉफ्टवेअर आपल्याच लोकांचे, जगात थोडेच वापरणारे, मग त्यावर कोण डोळा ठेवणार असे वाटते. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्की या कंपनीने उघड केले की इनपेजच्या फाईलीत विष भरून आशियातील बँकांवर हल्ले चालले होते. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही पाकिस्तानातील इनपेज वापरणाऱ्यांवरील अशाच हल्ल्याची माहिती दिली. चोराने उर्दू वाचणाऱ्यांसाठी उर्दूचीच फाईल निवडली होती. आमच्या प्रेसवाल्या बांधवांकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे इनपेज असते, गिऱ्हाईक पेन ड्राइव्हवर मजकूर आणतो आणि ते निःशंकपणे उघडतात.

येथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. यातील पुष्कळ प्रती विकत घेतलेल्या नसतात. कुलूप तोडलेल्या प्रतीला कंपनीची दुरुस्ती मिळत नाही, किंवा दुरुस्ती घेतली तर ती बंद पडेल या भीतीने मालक ती घेतच नाही. शिवाय कुलूप तोडणाऱ्याने आत आणखी काय ठेवले आहे ते अल्लाहलाच ठाऊक. हलाल-हरामची चर्चा करणारे आम्ही या बाबतीत डोळेझाक करतो. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत लेखन, शोध, व्यापारी नाव अशा हक्कांना शरीयतचे संरक्षण आहे, त्यांवर अतिक्रमण करता येत नाही, असा ठराव केलेला आहे. ज्याला पैसे परवडत नाहीत त्याने फुकट मिळणारी सॉफ्टवेअर वापरावीत. लिब्रेऑफिस आहे, गाठोडी सोडवायला सेव्हन-झिप आहे. दोन्ही विंगेटच्या वहीत असल्याने त्यांची तपासणीही सोपी जाते.

ताबडतोब बदलावे काय?

यादी पाहिली की काही उत्साही तरुण विंगेट अपग्रेडपुढे दोन आडव्या रेघा आणि ऑल असे लिहून मोकळे होतात. त्या हुकुमाने सर्व काही एकदम बदलते. घरच्या संगणकावर चालेल. दुकानाच्या संगणकावर आम्ही तसे करणार नाही.

नवी आवृत्ती दर वेळी निर्मळ असतेच असे नाही, हेही मान्य केले पाहिजे. २७ जून २०१७ रोजी, म्हणजे जीएसटी लागू व्हायला चारच दिवस असताना, नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधून सुटला. तो शिरला तो तेथील व्यापारी वापरत असलेल्या एम.ई.डॉक या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. जहाज कंपनी मर्स्कचे काम जगभर ठप्प झाले आणि आपल्या न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या ताब्यातील टर्मिनलही अडकले. कंटेनर भरलेले ट्रक बाहेर उभे राहिले. २०२४ च्या मार्चमध्ये लिनक्समधील एक्सझेड या छोट्या घटकाच्या ५.६.० आणि ५.६.१ या सर्वांत नव्या आवृत्त्यांतच कोणीतरी चोरदरवाजा घातल्याचे उघड झाले. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो असा संशय आला आणि त्यातून ते सापडले. तेथे जुनी आवृत्ती ठेवणारा सुरक्षित होता.

म्हणून काय जुनेच बरे म्हणून बसावे? नाही. नॉटपेट्याने पुढे पसरण्यासाठी वॉनाक्रायचेच भोक वापरले होते, ज्याची दुरुस्ती तीन महिन्यांपूर्वी आलेली होती. जुन्याने घात झाल्याची उदाहरणे ढिगाने आहेत, नव्याने झाल्याची बोटावर मोजण्याइतकी. आणि दोन्ही प्रसंगी पहिला प्रश्न एकच होता, की माझ्याकडे कोणती आवृत्ती आहे? एक्सझेडची बातमी आली त्या दिवशी ज्यांना आपला आकडा माहीत होता ते निश्चिंतपणे झोपले.

आमची पद्धत अशी. ब्राउझर, विनरार, सेव्हन-झिप, एनीडेस्क, पीडीएफ वाचण्याचे साधन यांचा संबंध बाहेरून येणाऱ्या फाईलींशी व माणसांशी येतो, ती त्याच दिवशी बदलावीत. विंगेट अपग्रेड लिहून पुढे यादीतील ओळखनाम दिले की तेवढे एकच बदलते. हिशोबाच्या पॅकेजला घाईने हात लावू नये. मोठ्या आवृत्तीबदलात जुन्या फाईली नव्या घडणीत बदलल्या जातात आणि मग त्या जुन्या आवृत्तीत उघडत नाहीत. आधी संपूर्ण डेटाची प्रत पेन ड्राइव्हवर काढून तो पेन ड्राइव्ह संगणकातून वेगळा ठेवावा, विवरणपत्राची तारीख टाळावी, होळी, लग्नसराई किंवा ईदच्या आधीचे आठवडे टाळावेत. एम्ब्रॉयडरीवाल्यांनी मशीन पुरविणाऱ्याला विचारल्याशिवाय काही करू नये, नव्या आवृत्तीत मशीन ओळखू येईनासे झाले तर कारागीर हात बांधून बसतील. एखाद्या सॉफ्टवेअरला मुद्दाम जुने ठेवायचे असेल तर विंगेट पिन ॲड हा हुकूम आहे, त्याने ते सामुदायिक बदलातून वगळले जाते.

काहीजण आवृत्ती आणि कराचा दर यांत गल्लत करतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांचे जीएसटीचे दर बदलले, अडीच हजार रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाले. ताजी आवृत्ती घेतली म्हणजे आपल्या वस्तूंच्या यादीतील दर आपोआप दुरुस्त झाले असे कोणी समजू नये. ते वेगळे तपासावे लागतात.

स्वतः विंडोजची दुरुस्तीही विंगेटच्या यादीत येत नाही. वॉनाक्राय शिरला तो नेमका तेथूनच. विंडोजचे बटण दाबून डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर असे लिहिले की एका छोट्या चौकोनात तिची आवृत्ती दिसते. विंडोज ७ ची मदत १४ जानेवारी २०२० ला संपली. त्यावर विंगेट मिळत नाही आणि गुगलचा क्रोमही २०२३ मधील १०९ या आवृत्तीवर थांबला. अशा यंत्रावर काळ्या खिडकीत डब्ल्यूएमआयसी प्रॉडक्ट गेट नेम, व्हर्जन असा हुकूम देऊन निम्मीअर्धी यादी मिळते, पण त्या यादीतील सर्वांत जुना माल स्वतः विंडोज ७ असतो. त्याच्यावर बँकेचा व्यवहार करू नये, तोल व बिलापुरते चालवायचे तर इंटरनेटची तार काढून चालवावे. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नोंदणी करणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत दिली.

ज्यांची मुले पुणे, औरंगाबादला संगणक शिकतात त्यांच्या यंत्रावर लिनक्स असेल, तर तेथे आधी ॲप्ट अपडेट आणि मग ॲप्ट लिस्टपुढे दोन रेघा व अपग्रेडेबल, असा हुकूम हेच काम करतो. पायथनवाल्यांसाठी पिप लिस्टपुढे दोन रेघा व आउटडेटेड. त्या मुलांना सुटीत घरी आल्यावर दुकानात बसवावे.

यादी कागदावर उतरविणे सोपे आहे. विंगेट लिस्ट लिहून पुढे 'पेक्षा मोठे'चे चिन्ह आणि फाईलचे कोणतेही नाव दिले की यादी पडद्यावर न येता त्या फाईलीत जाते. ती छापून, वर तारीख घालून, तिसऱ्या यादीतील नावांपुढे हाताने आवृत्ती लिहून वहीत लावावी. तीन-चार पाने होतील. पुढील वेळी नवी यादी तिच्याशेजारी धरली की कोण नवे आले, कोण हलले नाही ते दिसते. आम्ही वर्षातून चार तारखा ठरविल्या आहेत, त्यातील एक जकातीच्या मोजदादीची.